सरकारी कंपनी विकताना: खासगीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खासगीकरणाचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एकाला सरकारी म्हटलं की आळशी दिसतं, दुसऱ्याला खासगी म्हटलं की लुटारू. खालचे प्रश्न दोन्ही तटांवरून आलेले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरं त्या हिशेबाने वाचता येतील: विकण्याआधी काय केलं आणि विकलं कोणत्या रीतीने, यावरच पुढचं बहुतेक सगळं ठरतं. मालक कोण हा प्रश्न त्यानंतरचा.

खासगीकरण म्हणजेच निर्गुंतवणूक ना?

पेपरात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण फरक मोठा आहे. शंभर टक्के सरकारी कंपनीचे वीस टक्के शेअर बाजारात विकले तर ती निर्गुंतवणूक. संचालक नेमणारं, दर ठरवणारं, फोन करून 'अमुक ठिकाणी कारखाना काढा' म्हणणारं सरकार जागच्या जागी असतं. ताबा दुसऱ्याकडे गेला तरच ते खासगीकरण.

भारतात १९९१-९२ पासून सुरुवातीची अनेक वर्षं मुख्यतः पहिला प्रकार झाला. थोडेथोडे शेअर काढायचे, पण ५१ टक्क्यांच्या खाली यायचं नाही. निर्गुंतवणुकीतला मला सगळ्यात मजेशीर वाटलेला व्यवहार जानेवारी २०१८ चा. ओएनजीसीने एचपीसीएलमधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. हिशेबात ही निर्गुंतवणूक धरली गेली. पण ओएनजीसीही सरकारचीच! या खिशातले पैसे त्या खिशात गेले, आणि मधल्या मध्ये ओएनजीसीच्या डोक्यावर कर्ज चढलं.

याशिवाय दोन प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, मालकी सरकारकडेच ठेवून ठरावीक वर्षांसाठी खासगी कंपनीला चालवायला देणं. पाणीपुरवठा, बंदरं, विमानतळ यांत हे चालतं. दुसरा, सरकारी खात्याचं कंपनीत रूपांतर करणं. त्यात विक्री होत नाही, पण ताळेबंद वेगळा होतो आणि तोटा कुठून येतो ते पहिल्यांदा दिसायला लागतं.

याची सुरुवात ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी केली, बरोबर?

गाजावाजा त्यांचा, सुरुवात त्यांची नाही. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्येच फोक्सवागनचे शेअर सामान्य लोकांना विकले होते, आणि चिलीत पिनोचेच्या लष्करी राजवटीने १९७४ पासून कंपन्या विकायला काढल्या होत्या. ब्रिटनने त्याला राजकीय कार्यक्रमाचं रूप दिलं: १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम, १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस, १९८७ मध्ये ब्रिटिश एअरवेज, १९८९ मध्ये पाणी, पुढे वीज आणि रेल्वे.

१९८९ मध्येच अर्थतज्ज्ञ जॉन विल्यमसन यांनी लॅटिन अमेरिकेसाठीच्या दहा सुधारणांची यादी केली. तीच पुढे 'वॉशिंग्टन कन्सेन्सस' या नावाने जगभर फिरली. खासगीकरण त्यात आठवं कलम आहे आणि मालमत्तेच्या हक्कांना कायद्याचं संरक्षण हे दहावं, म्हणजे शेवटचं. विल्यमसन यांनी काही क्रम लावून दिला नव्हता, हे मान्य. पण नव्वदच्या दशकात काही देशांनी नेमकं आठवं आधी उरकलं आणि दहावं राहून गेलं.

सरकारी कंपनी तोट्यात जाते ती सरकारी असते म्हणूनच का?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी दिलं आहे. समाजवादी देशांतले कारखाने जवळून बघून त्यांनी सांगितलं की गोम 'सैल बजेट'मध्ये आहे. वर्षअखेर तोटा आला तर कोणीतरी भरून देणार, हे व्यवस्थापकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मग तो खर्च कशाला आवरेल? त्याची सगळी हुशारी मंत्रालयात वजन वाढवण्यात जाते.

आता गंमत अशी की हे सैल बजेट खासगी कंपनीलाही मिळू शकतं. मालक बदलला, पण बुडायला लागल्यावर सरकारी बँकेने कर्जाची फेररचना करून दिली, तर कंपनी आतून सरकारीच राहिली म्हणायची. उलट सिंगापूर सरकारच्या टेमासेक या १९७४ मध्ये स्थापन झालेल्या गुंतवणूक कंपनीकडे सिंगापूर एअरलाइन्सचा अर्ध्याहून अधिक हिस्सा आहे आणि ती जगातल्या नावाजलेल्या विमान कंपन्यांत मोडते. नॉर्वेच्या इक्विनॉर या तेल कंपनीत सरकारचा ६७ टक्के वाटा आहे. चिलीने जवळपास सगळं विकलं, पण तांब्याची कोडेल्को विकली नाही; पिनोचेनेही नाही.

दुसरं एक कारण हिशेबात लपलेलं असतं. सरकार कंपनीला सांगतं की माल स्वस्तात विका, माणसं जास्त घ्या, तोट्याच्या मार्गावर गाडी चालवा. ही समाजसेवा आहे, आणि ती करायला हरकत नाही. पण तिचा खर्च अनुदान म्हणून वेगळा दाखवला नाही तर व्यवस्थापनाची अकार्यक्षमता आणि सरकारचा आदेश यांची अशी भेसळ होते की कोणालाच जाब विचारता येत नाही. विक्रीचा निर्णय घेण्यापूर्वी ही भेसळ निवडायला हवी. बहुतेक वेळा कोणी निवडत नाही.

मग फायद्यातली कंपनी कशाला विकतात? हे घरातले दागिने मोडून खाणं नाही का?

नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी नेमका हाच टोमणा मारला होता. कर्जात बुडालेली घराणी आधी चांदीची भांडी विकतात, मग फर्निचर, अशा अर्थाचं ते बोलले आणि ते वाक्य गाजलं. पुढच्याच आठवड्यात लॉर्ड्स सभागृहात त्यांनी केलेला खुलासा कमी लोकांना माहीत आहे. आपला विरोध विक्रीला नाही, विक्रीचे पैसे उत्पन्न समजून खर्च करण्याला आहे, असं त्यांनी सांगितलं. ते थॅचर यांच्याच पक्षाचे होते, हेही ध्यानात घ्या.

हिशेब साधा आहे. समजा एक कंपनी सरकारला वर्षाला ६ रुपये लाभांश देते आणि तिचे १०० रुपये येतात. त्या शंभरातून सात टक्के व्याजाचं कर्ज फेडलं तर वर्षाला ७ रुपये वाचतात, म्हणजे सौदा बरा. त्याच शंभरात यंदाचे पगार भागवले तर पुढच्या वर्षी हातात ना शंभर ना सहा. त्यामुळे विक्रीची बातमी वाचताना रकमेच्या आधी ती रक्कम कुठल्या खात्यात जमा होणार ते बघावं. वर्षअखेरीचं लक्ष्य गाठायला घाईने काढलेली विक्री बहुधा दुसऱ्या प्रकारची निघते.

फायद्यातली कंपनी विकण्याचं एक कारण मात्र मला पटतं. सरकार स्वतःच खेळाडू आणि स्वतःच पंच असेल तर नव्या स्पर्धकाला मैदानात न्याय मिळत नाही.

स्वस्तात विकलं, हे ओळखायचं कसं?

पहिल्या दिवशी शेअरचा भाव वाढला म्हणजे घोटाळा झाला, इतकं हे सोपं नसतं. ब्रिटिश टेलिकॉमचा शेअर १३० पेन्सला दिला. त्यातले ५० पेन्स आधी भरायचे होते. पहिल्या दिवसाच्या अखेरीस या ५० पेन्सवाल्या शेअरचा भाव ९३ वर गेला. सरकारने पैसा सोडला, हे खरंच. पण तो हजारो-लाखो छोट्या भागधारकांमध्ये वाटला गेला, आणि पुढच्या सरकारला हा निर्णय फिरवणं राजकीयदृष्ट्या अवघड व्हावं हा त्यामागचा एक हेतू होता.

कंपनी एकाच गिऱ्हाइकाला विकायची असेल तेव्हा मी तीन गोष्टी बघतो. बोली लावणारे किती होते, बाद कोणाला केलं आणि का, आणि कर्ज कोणाच्या गळ्यात राहिलं. शेवटची गोष्ट बातमीत हमखास तळाशी असते. २०२१ मध्ये एअर इंडियासाठीची विजयी बोली १८,००० कोटी रुपयांची होती. त्यात रोख फक्त २,७०० कोटी, बाकी १५,३०० कोटींचं कर्ज खरेदीदाराने स्वीकारलं. कंपनीवरचं एकूण कर्ज ६१ हजार कोटींच्या पुढे होतं. म्हणजे ४६ हजार कोटींच्या आसपासचा बोजा सरकारच्याच वेगळ्या कंपनीकडे गेला. ही टीका नाही. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तेव्हा एकही बोली आली नव्हती. रोज तोटा होत असेल तर थांबण्यालाही किंमत असते. फक्त '१८,००० कोटी मिळाले' असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवावं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण रशियाचं. १९९५ मध्ये येल्त्सिन सरकारची तिजोरी रिकामी होती आणि निवडणूक तोंडावर. बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं, तारण म्हणून बड्या कंपन्यांचे शेअर ठेवायचे, कर्ज न फिटल्यास बँकेने ते विकायचे, अशी योजना निघाली. फेडण्याचा इरादा कोणाचाच नव्हता. लिलाव चालवायचं काम ज्या बँकेकडे, तीच लिलाव जिंकायची. नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीच्या ३८ टक्क्यांसाठी सुरुवातीची किंमत होती १७ कोटी डॉलर आणि विजयी बोली १७.०१ कोटी. त्याहून कितीतरी मोठी बोली तांत्रिक कारणाने बाद झाली. युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के १५.९ कोटी डॉलरला गेले, सिब्नेफ्त या दुसऱ्या तेल कंपनीचे ५१ टक्के १० कोटींना. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, गाझप्रॉम या सरकारी कंपनीने सिब्नेफ्तचा सुमारे ७३ टक्के हिस्सा परत घेतला तेव्हा तेराशे कोटी डॉलरच्या वर मोजले. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते याला.

कोणा एकाला विकण्यापेक्षा सगळ्या नागरिकांना सारखं वाटून टाकलं तर? तेच न्याय्य नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण कल्पना खरोखर सुंदर आहे आणि ती करून पाहिलेली आहे.

रशियात १ ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या बाळालाही, एक कागद मिळायला लागला: सरकारी कंपन्यांचे शेअर घेण्यासाठीचं व्हाउचर. त्यावर दर्शनी किंमत छापलेली: १०,००० रूबल. कागदावर धारकाचं नाव नव्हतं. ज्याच्या हातात त्याचा. खासगीकरणाचे प्रमुख अनातोली चुबाइस यांनी एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल असं सांगितलं होतं. पण त्याच वर्षी २ जानेवारीला बहुतेक वस्तूंचे भाव खुले केले होते आणि वर्षभरात महागाई दोन हजार टक्क्यांच्या पलीकडे गेली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात! ज्याच्या घरात उद्याची भाजी नाही तो कारखान्याचा भागधारक होऊन करणार काय? मेट्रो स्टेशनच्या तोंडाशी गळ्यात 'व्हाउचर घेतो' अशी पाटी अडकवून माणसं उभी राहत. अनेकांनी तो कागद मिळेल त्या पैशाला देऊन टाकला, अनेकांनी कुठल्यातरी फंडात टाकला आणि फंड गायब झाला.

यातही एक खाच होती. कारखान्यातल्या लोकांसाठी जे पर्याय ठेवले होते, त्यातला बहुतेकांनी निवडलेला पर्याय असा की ५१ टक्के शेअर कामगार आणि व्यवस्थापक मिळून घेणार, पुस्तकी किमतीच्या १.७ पट दराने. पुस्तकी किंमत महागाईच्या आधीची, म्हणजे जवळजवळ फुकट. कागदावर कामगार मालक झाले. प्रत्यक्षात पगार महिनोन्महिने थकलेल्या कामगाराकडून संचालकाने शेअर गोळा करायचे, हे ठरलेलं.

चेकोस्लोव्हाकियात १९९२ मध्ये हीच गोष्ट जास्त नेटकी झाली. हजार क्राउनचं तिकीट आणि ३५ क्राउनची पुस्तिका, म्हणजे १,०३५ क्राउन भरून नागरिकाला हजार गुण मिळत. ते हव्या त्या कंपनीवर लावायचे. लोक सुरुवातीला थंड होते. मग व्हिक्टर कोझेनी नावाच्या तरुणाने आपल्या 'हार्वर्ड' फंडांची जाहिरात केली: पुस्तिका आमच्याकडे द्या, एक वर्ष आणि एक दिवसाने १०,३५० क्राउन घ्या. नावापलीकडे त्या विद्यापीठाशी फंडांचा संबंध नव्हता. झुंबड उडाली, शेवटी सुमारे ८५ लाख लोकांनी भाग घेतला. शेअर फंडांच्या हातात गेले, आणि फंडांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा होतीच कुठे? कंपनीतला माल, रोकड, कंत्राटं बाजूच्या दाराने दुसऱ्या कंपनीत वळवायची आणि भागधारकांना पोकळ डबा ठेवायचा, यासाठी चेक भाषेत 'बोगदा खणणं' असा शब्दच रूढ झाला. इंग्रजी अर्थशास्त्रात तो तिथूनच आला.

वाटप न्याय्य होतं, मालकी टिकवणारे नियम नव्हते. छोट्या भागधारकाला न्यायालयात उभं राहता येत नसेल तर त्याचा शेअर म्हणजे रंगीत कागद.

एवढी मालमत्ता विकली म्हणजे पैसा तर भरपूर येत असेल?

पूर्व जर्मनीत उलटं झालं. १९९० मध्ये तिथल्या सरकारी कंपन्या विकण्यासाठी नेमलेल्या ट्रॉयहांड या संस्थेकडे सुमारे ८,५०० कंपन्या आणि चाळीस लाख कामगार आले. तिचे प्रमुख डेटलेफ रोहवेडर यांनी या सगळ्याची किंमत ६०० अब्ज मार्कांपर्यंत असावी असा अंदाज दिला होता. १९९४ च्या अखेरीस संस्था बंद झाली तेव्हा खात्यावर २५० अब्ज मार्कांहून जास्त तूट होती. पूर्वेचा मार्क पश्चिमेच्या मार्काशी एकास एक बदलल्यामुळे कारखान्यांचा मजुरीखर्च एका रात्रीत न परवडणारा झाला, पूर्वेकडची गिऱ्हाइकं गेली, आणि जुनं कर्ज, प्रदूषणाची सफाई, कामगारांची भरपाई हे सगळं विकणाऱ्याच्या अंगावर पडलं. रोहवेडर यांची १ एप्रिल १९९१ रोजी राहत्या घरी गोळी घालून हत्या झाली. ते प्रकरण आजवर उलगडलेलं नाही.

रेल्वे, पाणी, वीज यांना स्पर्धकच नसतो. तिथे खासगी मालक मनमानी करणार नाही का?

करणार. म्हणून तर नियामक, म्हणजे दर आणि सेवेवर लक्ष ठेवणारी संस्था, विक्रीच्या आधी हवा.

मेक्सिकोने १९९० मध्ये टेलमेक्स ही दूरध्वनी कंपनी कार्लोस स्लिम यांच्या गटाला विकली आणि लांब पल्ल्याच्या सेवेत काही वर्षांची मक्तेदारीही सोबत देऊन टाकली. मक्तेदारीसकट विकली की भाव चांगला येतो, हे सरकारांना पडणारं नेहमीचं आमिष. पण तो जादा भाव पुढे ग्राहकच आपल्या बिलातून भरतो. दूरसंचार नियामक स्थापन झाला १९९६ मध्ये. तोवर कंपनी इतकी बलाढ्य झाली होती की नियामकाला पुढची कित्येक वर्षं तिच्याशी कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या.

ब्रिटनने नियामक आधी नेमले. प्राध्यापक स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये एक सुटसुटीत सूत्र सुचवलं: महागाई जितकी वाढेल त्यातून ठरावीक टक्के वजा करून तेवढीच दरवाढ करायची. खर्च त्याहून कमी करून दाखवला तर उरलेला नफा कंपनीचा. टेलिफोनमध्ये हे छान चाललं, कारण तंत्रज्ञान स्वस्त होत होतं आणि मागोमाग स्पर्धाही आली. पाण्यात ते तसं चाललं नाही. १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या पाणी कंपन्या जुनी कर्जं माफ करून, कोऱ्या पाटीने विकल्या. आज त्यांच्यावर ६० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे. नियामक दरांकडे बघत बसला आणि कंपन्या कर्ज काढून मालकांना लाभांश देत राहिल्या. पाईप जमिनीखाली असतात, ते कुजताना कोणाला दिसत नाहीत.

ब्रिटनच्याच रेल्वेचा किस्सा त्याहून बोलका आहे. रूळ, सिग्नल, स्थानकं रेलट्रॅक या कंपनीकडे. गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे. डबे तिसऱ्यांच्या मालकीचे. रुळांची देखभाल चौथ्यांकडे कंत्राटाने. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ एक रूळ तुटला, गाडी घसरली, चार माणसं गेली. रुळाला पडलेल्या भेगा आधीच माहीत होत्या. पण खरा गोंधळ नंतरचा. आणखी कुठे अशा भेगा आहेत याची पक्की नोंद रेलट्रॅककडे नव्हती, म्हणून देशभर शेकडो ठिकाणी गाड्या कासवाच्या गतीने चालवाव्या लागल्या. वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत गेली. देखभाल बाहेर देताना आपल्या रुळांची माहिती असलेली माणसंही बाहेर गेली होती.

पाणी खासगी झालं की गरिबांचे हाल होतात, हे खरं ना?

दोन शहरं शेजारी ठेवून बघा. ब्युनॉस आयर्समध्ये १९९३ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला. अर्जेंटिनात ज्या भागांत पाण्याचं खासगीकरण झालं तिथे बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत २६ टक्क्यांनी घटले, असं सेबास्टियन गालियानी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. कारण सरळ आहे: श्रीमंतांना नळ आधीच होता, नवीन जोडण्या मिळाल्या त्या गरिबांना. तरीही २००१-०२ च्या आर्थिक संकटात दर गोठवले गेले, भांडण पेटलं आणि २००६ मध्ये करार मोडला.

बोलिव्हियाच्या कोचाबांबात १९९९ मध्ये बोली लावणारा एकच गट होता. कंपनीला परताव्याची हमी दिली आणि एका महागड्या धरणाचा खर्चही करारात घुसवला. तो भागवायला नळ जोडायच्या आधीच बिलं वाढली, काहींची दुपटीवर. एप्रिल २००० मध्ये शहर रस्त्यावर उतरलं आणि करार रद्द झाला. कंपनीने लावलेला आंतरराष्ट्रीय दावा २००६ मध्ये मिटला तो दोन बोलिव्हियानोंच्या नाममात्र रकमेवर. करार गेला तरी शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांना टँकरचं पाणी घ्यावंच लागत राहिलं, हे मात्र त्या लढ्याच्या कौतुकात कोणी सांगत नाही.

नोकऱ्यांचं काय?

जातात, आणि बहुतेक विक्रीच्या आधी जातात, कारण गिऱ्हाइकाला सडपातळ कंपनी दाखवायची असते. १८ देशांतल्या ६१ कंपन्यांचा विल्यम मेगिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की विक्रीनंतर नफा, उत्पादन आणि गुंतवणूक तर वाढलीच, रोजगारही सरासरीने वाढला. पण आधी विकल्या जातात त्या चांगल्या कंपन्या, हे विसरून ही सरासरी वापरू नये.

चीनमध्ये १९९८ नंतरच्या पाचेक वर्षांत सरकारी कारखान्यांतून अडीच कोटींहून जास्त कामगार कमी झाले. 'मोठं धरा, लहान सोडा' हे तेव्हाचं धोरण. घर, दवाखाना, मुलांची शाळा, पेन्शन सगळं कारखान्याशी बांधलेलं होतं. नोकरीबरोबर तेही गेलं. पन्नाशीच्या कामगाराला नवं कौशल्य शिका म्हणणं सोपं असतं. मला विचाराल तर भरपाईची रक्कम विक्रीच्या किमतीतून आधी बाजूला काढली पाहिजे, उरली तर देऊ असं नव्हे.

सुधारणा एका झटक्यात कराव्यात की हळूहळू?

भाव आणि व्यापार झटक्यात खुले करता येतात, संस्था झटक्यात उभ्या राहत नाहीत. पोलंडने १ जानेवारी १९९० रोजी अर्थमंत्री बाल्सेरोविच यांच्या योजनेखाली भाव मोकळे केले, अनुदानं तोडली, दुकानं आणि छोटे धंदे लगेच खासगी होऊ दिले. मोठे कारखाने विकायला मात्र वेळ घेतला. ते सरकारीच राहिले, पण त्यांना पैसे देणं बंद झालं, आणि त्यातले बरेच स्वतःहून ताळ्यावर आले. १९९२ मध्ये आर्थिक वाढ परतली. रशियाला त्यासाठी जवळजवळ दशकभर थांबावं लागलं. झटका देण्यात पोलंड रशियाच्या मागे नव्हता, मोठी विक्री मात्र त्याने घाईने केली नाही.

चीन उलट्या वाटेने गेला. कारखान्यांनी ठरलेला कोटा सरकारी भावाने द्यायचा, वरचा माल बाजारभावाने विकायचा. जुनं मोडलं नाही, त्याच्या बाजूला नवं वाढू दिलं. यातून भ्रष्टाचार झाला, कारण दोन भावांमधला फरक अधिकाऱ्यांना खुणावत होता. पण उत्पादन कोसळलं नाही.

विकलेलं सरकारने परत घेतल्याची उदाहरणं आहेत का?

भरपूर. न्यूझीलंडने १९९३ मध्ये रेल्वे विकली आणि २००८ मध्ये परत घेतली. अर्जेंटिनाने वायपीएफ या तेल कंपनीचे ५१ टक्के २०१२ मध्ये ताब्यात घेतले. ब्रिटनमध्ये २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्या एकेक करून सरकारकडे येत आहेत.

जपानची रेल्वे मात्र अर्धवट राहून टिकली. १ एप्रिल १९८७ रोजी ३७ लाख कोटी येनचं कर्ज असलेली राष्ट्रीय रेल्वे सहा प्रवासी आणि एका मालवाहू कंपनीत फोडली. रूळ आणि गाड्या एकाच कंपनीकडे ठेवल्या, कर्जाचा मोठा भाग वेगळ्या महामंडळाकडे वळवला. तोक्योची जेआर ईस्ट बाजारात जाऊन भरभराटीला आली. विरळ वस्तीच्या होक्काइदो आणि शिकोकूच्या कंपन्या आजही सरकारी मालकीच्या आहेत, कारण त्यांना गिऱ्हाईकच नाही.

करार हातात पडला तर सामान्य माणसाने काय वाचावं?

मुदत, दरवाढीचं सूत्र, आणि भरपाईचं कलम. किंमत सगळ्यात शेवटी.

शिकागो शहराने डिसेंबर २००८ मध्ये रस्त्यावरची पार्किंग मीटरं ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिली. नगरसेवकांसमोर प्रस्ताव आला आणि काही दिवसांतच ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. शहराला १.१५ अब्ज डॉलर मिळाले. त्यातला बराचसा पैसा तूट भरून काढण्यात दोन-तीन वर्षांतच संपला. शहराचा कारभार तपासणाऱ्या महानिरीक्षकाने पुढच्या वर्षी अहवाल दिला की ही मीटरं जवळजवळ एक अब्ज डॉलरने स्वस्त गेली. कंपनीची मूळ रक्कम वसूल झाली तेव्हा कराराची साठहून जास्त वर्षं बाकी होती.

पण लोकांना करार कळला तो भरपाईच्या कलमामुळे. मिरवणुकीसाठी, दुरुस्तीसाठी किंवा सायकलींची मार्गिका आखण्यासाठी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जागा बंद राहिली, तर बुडालेलं उत्पन्न शहराने कंपनीला द्यायचं. म्हणजे शिकागोत आजही रस्त्याच्या कडेला चार गाड्यांची जागा कमी करायची असली, तर अभियंत्याला आधी हे बघावं लागतं की त्या चार मीटरांचे पैसे कंपनीला कुठल्या खात्यातून द्यायचे.